तांब्यावरचा कौल

भाऊ सामंतांच्या दिवाणखान्यात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मुलुंडच्या त्या गल्लीत एरवी दिवेलागणीनंतर कुत्रंसुद्धा सावकाश भुंकायचं. पण ताम्रानंद महाराज भाऊंकडे उतरल्यापासून भांडुप-ठाण्याची माणसं त्यांच्या ओसरीवर चपला काढू लागली होती. आत जागा न मिळालेल्या बायका खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. धुपाच्या धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते आणि ते पुसताना प्रत्येकाला वाटत होतं, आपण भक्तीनं रडतोय.

महाराज चौरंगावर बसले होते. समोर शेगडी, शेगडीच्या गरम राखेत चिनी मातीचं पसरट भांडं आणि भांड्यात काळपट तपकिरी पाणी. हे म्हणे गंगोत्रीच्याही वरच्या कुंडातलं तीर्थ.

“अॅटम, अॅटम म्हणून जग ओरडतंय,” महाराज म्हणाले. “अरे, अॅटम आणि आत्मा यांत फरक तो किती? विलायतेचे लोक अॅटम फोडतात, आम्ही आत्मा जोडतो! तांबं हा धातू नव्हे बाळांनो. ती परमेश्वराची पाटी आहे. लिहिणारा तो. आम्ही नुसते पाटी धुणारे.”

“वा!” भाऊ म्हणाले. कस्टममधून निवृत्त झालेला, उभा जन्म लोकांच्या पेट्या उघडून बघितलेला हा माणूस. पण महाराजांपुढे त्यांनी डोळे मिटूनच घेतले होते.

“कोणाचा कौल आहे आज?”

माडीवरच्या बिऱ्हाडातली सुहासिनी केळुसकर पुढे झाली. तिचा धाकटा भाऊ नंदू तिच्याकडे आजारी होता. क्षय. कोपऱ्यावरच्या डॉक्टर उत्तरा कीर्तने त्याला इंजेक्शनं देत होत्या. ताप उतरू लागला होता, पण सुया टोचून टोचून पोराचं अंग सुजलं होतं, कानांत सारखं गुणगुणत होतं, आणि डॉक्टरीणबाईंची पिशवी दिसली की तो भिंतीकडे तोंड करायचा. ते बघून सुहासिनीचा जीव तुटायचा.

महाराजांनी तळहाताएवढा तांब्याचा पत्रा तिच्या हातात दिला. “बघ माई, काही लिहिलंय? बोट फिरव. सगळ्यांना दाखव.”

पत्रा आरशासारखा लखलखीत होता. तिनं बोट फिरवलं, भाऊंनी फिरवलं, पहिल्या रांगेनं फिरवलं. काही नाही. मग महाराजांनी तो लाकडी चिमट्यानं तीर्थात सोडला, भजन सुरू झालं, आणि टाळांच्या तालावर महाराज भांडं हलकेच डोलवू लागले. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. बरीच भजनं झाली. मग त्यांनी पत्रा बाहेर काढला, साध्या पाण्यात बुचकळला आणि वर धरला.

पत्रा आता निस्तेज, मातकट गुलाबी झाला होता आणि त्यावर लखलखत उठून दिसत होती दोन शब्दांची एक ओळ: ‘सुई वर्ज्य.’

दिवाणखान्यातून एकच हुंकार उठला. सुहासिनी तिथंच गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी पत्रा छातीशी धरून ती रडत होती आणि हसतही होती.

दारात उभा असलेला तिचा नवरा, मार्तंड, हे बघत होता. त्याच्या मनात पहिल्यांदा नंदू आला नाही, औषध आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे की, लग्न झाल्यापासून हिनं माझ्या कुठल्याही गोष्टीकडे असं कधी बघितलं नाही.

मार्तंड भांडुपच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होता. घरी आला की रेडिओ. कुठल्याशा विलायती मासिकात त्यानं नवीन तऱ्हेचं सर्किट वाचलं होतं, ज्यात तारा जोडायच्याच नाहीत. बेकेलाइटच्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, जिथं तारा हव्यात तिथं काळ्या व्हार्निशनं रेघा ओढायच्या आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात टाकायची. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं. रेघांखालचं तेवढं उरतं. मग व्हार्निश पुसलं की तांब्याच्या रेघा, म्हणजे छापलेल्या ताराच. ते पाणी त्यानं गिरगावातल्या ओळखीच्या, छापखान्याचे ठसे कोरणाऱ्या ब्लॉकवाल्याकडून बाटलीतून आणलं होतं. मोरीत बसून, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीचं झाकण उलटं ठेवून त्यात त्यानं कितीतरी पाट्या बिघडवल्या. शेवटी एक साधली. त्या छापील पाटीवर बांधलेला एका व्हॉल्व्हचा छोटा रेडिओ इयरफोनमध्ये गाऊ लागला तेव्हा तो धावत सुहासिनीकडे गेला. “बघ, ऐक! पाटीवर एकसुद्धा तार नाही!”

तिनं क्षणभर कानाला लावून ऐकलं. “छान आहे हो,” ती म्हणाली. “पण मोरीतले ते पिवळे डाग निघणार आहेत ना?”

आणि आता एका दाढीवाल्यानं तेच पाणी—

तेच पाणी! मार्तंडला एकेक खूण पटू लागली. ते डोलवणं. भांडं सारखं हलवत राहावं लागतं, नाहीतर तांबं सगळीकडे समान खाल्लं जात नाही. ती शेगडी. पाणी गरम असलं की काम लवकर होतं. तो लाकडी चिमटा, ते चिनी मातीचं भांडं. एरवी चिनी मातीच्या बशीला सोवळ्यात कोण हात लावतो? पण पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्याला या तीर्थानं भोकं पाडली असती!

त्यानं थांबायला हवं होतं. पण तो थांबला नाही.

“हे तीर्थ नाही!” तो दारातून ओरडला. “हे ब्लॉक कोरायचं पाणी आहे. मी रोज वापरतो. माझ्या मोरीत आहे!”

सगळी डोकी वळली. महाराज मुळीच रागावले नाहीत. “बाळ, तुझ्या मोरीत गंगोत्री आहे? मग आम्हांला दर्शन दे ना.”

लोक खदाखदा हसले. मार्तंड जिना चढून गेला आणि आपली अर्धवट केलेली पाटी घेऊन आला. “ही बघा. ही त्यात टाकली की एवढंच तांबं उरेल.”

महाराजांनी पाटी घेतली आणि उंच धरली. “या काळ्या रेघा कोणी काढल्या?”

“मी.”

“आधीच?”

“हो, पण—”

“ऐकलंत? हा आधी लिहितो आणि मग उमटलं म्हणतो! आमची पाटी कोरी होती. माईंनी स्वतः बोट फिरवलं.” महाराजांनी मार्तंडकडे प्रेमानं बघितलं. “तुझी चूक नाही, बाळ. बायको दुसऱ्या कोणापुढे हात जोडते ते पाहवत नाही, होय ना? याला ईर्ष्या म्हणतात. यावर तीर्थाचाही उपाय नाही.”

“गप रे मेल्या,” भाऊ मार्तंडवर कडाडले. “महाराजांक काय बोलतस? वर जा आधी!”

तो वर गेला. खालचं हसणं जिन्यावरून त्याच्या मागोमाग आलं.

सुहासिनी पाठोपाठ आली. दार लोटून ती नुसती उभी राहिली.

“चारचौघांत मला मान खाली घालायला लावलीत.”

“सुहास, तो भामटा आहे. नंदूची इंजेक्शनं बंद करू नकोस.”

“मला एक सांगा. महाराज खरे असते तरी तुम्ही असंच ओरडला असता ना?”

मार्तंडनं खालचं हसणं येत होतं ती खिडकी लावून घेतली.

“हेवा वाटतो तुम्हांला. ते जे बोलले ते मला तुमच्या तोंडावर दिसत होतं.”

“वाटतो,” तो म्हणाला. “वाटतो हेवा. पण म्हणून ते पाणी तीर्थ होत नाही.”

“मग पाटी कोरी कशी होती ते सांगा.”

मार्तंड मनात एकेक शक्यता ताडून बघू लागला. व्हार्निश काळं असतं, रंग दिसतो, मेणाचा ओघळ दिसतो. त्या पत्र्यावर काहीच दिसलं नव्हतं. सुहासिनीनं तांब्याचा तुकडा नंदूच्या उशाशी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर उत्तराबाई आल्या तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं.

बाई चिडून गेल्या आणि आणखी चिडून परत आल्या. “सुहासिनीबाई, हे औषध मधेच सोडायचं नसतं. आत्ता बरं वाटतंय म्हणून रोग गेला असं नाही. तो परत उसळला की पुढे हेच औषध चालेनासं होतं.”

“देवाचा कौल आहे, बाई.”

“देवानं त्याची छाती तपासली होती का?”

सुहासिनीनं दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे नंदू मात्र कित्येक दिवसांनी हसत होता. आठवडा उलटायच्या आत संध्याकाळी त्याच्या गालांवर पुन्हा ती लाली दिसू लागली. सुहासिनी म्हणाली, पोराला रंग चढतोय. मार्तंडला ठाऊक होतं, ताप चढतोय.

न दिसणारी अक्षरं काढायला त्यानं सगळं करून बघितलं. डिंक लावला, तो पाण्यात सुटून गेला. मेण अगदी पातळ लावलं, तरी पत्रा मळका दिसला. खालून भजनाचा आवाज आला की तो पुन्हा नवा पत्रा घासायला घ्यायचा. खरं सांगायचं तर नंदूची काळजी जितकी होती तितकाच दुसरा विचार डाचत होता: माझं काम, माझी विद्या, आणि पाया पडतात त्याच्या!

एका संध्याकाळी तो नंदूबद्दल विचारायला उत्तराबाईंच्या दवाखान्यात गेला. तिथं सुतार औषधांच्या कपाटाला फ्रेंच पॉलिश करत होता. दारूबंदीच्या त्या दिवसांत पॉलिशची बाटली दिसली की लोक भुवया उंचवायचे, कारण काही बहाद्दर ती पिऊनही टाकत. बाई सुताराला म्हणत होत्या, “कपाटाच्या पितळी मुठीला पॉलिश लावू नका.”

“लागलंय कधीच,” सुतार म्हणाला. “पण दिसतंय कुठं?”

मार्तंडनं मूठ निरखून पाहिली. खरंच दिसत नव्हतं. लाख आणि स्पिरिट. वाळली की काचेसारखी पारदर्शक. त्यानं वास घेतला आणि एकदम आठवलं, भाऊंच्या दिवाणखान्यात धुपाच्या धुरामागे हाच वास होता.

“बाई, मला यातलं थोडं द्या!”

“पिणार नाही ना?”

घरी येऊन त्यानं पत्रा घासून लखलखीत केला आणि बारीक कुंचल्यानं पॉलिशचीच अक्षरं काढली. वाळल्यावर त्यालाच सापडेनात. चष्म्याची काच पुसताना करतात तसं त्यानं सवयीनं पत्र्यावर ‘हा’ करून तोंडाची वाफ सोडली आणि जागच्या जागी थबकला. अक्षरं दिसत होती! लाखेवर वाफ वेगळी बसत होती, उघड्या तांब्यावर वेगळी. क्षणात वाफ उडाली आणि पत्रा पुन्हा कोरा झाला.

तो तसाच बाईंकडे गेला. “येत्या गुरुवारी मी त्याला सगळ्यांसमोर नागडा करतो. मी पुढे जातो, पत्रा हिसकावून घेतो आणि—”

“तुम्ही काहीही करणार नाही,” उत्तराबाई म्हणाल्या.

“का? शोधलं कोणी?”

“शोधलंत तुम्ही. पण तुम्ही बोललात की लोक पत्रा बघणार नाहीत, तुमचं तोंड बघतील. तुमच्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचायला वाफ लागत नाही, केळुसकर. ज्यांचा त्याच्यावर विश्वास आहे त्यांनाच करू दे.”

मार्तंडला हे कडू लागलं. इतके दिवस जळून शोधून काढायचं आणि ऐन वेळी मागच्या रांगेत गप्प उभं राहायचं! पण नंदूच्या खोकल्याचा आवाज माडीवरून गल्लीपर्यंत येऊ लागला होता.

त्यानं सुहासिनीसमोर एक लखलखीत पत्रा ठेवला. “यावर बोट फिरव.”

“पुन्हा तेच?”

“एकदाच. मग मी काही बोलणार नाही.”

तिनं फिरवलं. काही नव्हतं. मोरीत त्यानं ते पाणी गरम केलं, पत्रा सोडला आणि झाकण तिच्याच हातात दिलं. “तूच डोलव.” ती डोलवत राहिली. पत्र्यावरचं तेज हळूहळू जाऊ लागलं आणि मधोमध अक्षरं लखलखत राहिली. मार्तंडनं पत्रा धुऊन तिच्यासमोर धरला.

‘सुई द्या.’

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“त्या कौलात देव होता, तर यातही आहे,” मार्तंड म्हणाला. “यात नसेल, तर त्यातही नव्हता.”

“महाराजांना नंदूच्या सुया कशा कळल्या?”

“त्यांचा शिष्य कौलाच्या दिवशी दुपारी तुझ्याकडे चहा पिऊन गेला नव्हता?”

सुहासिनीनं डोळे मिटले. त्या शिष्यानं इतक्या मायेनं विचारपूस केली होती की तिनं आपण होऊन सगळं सांगितलं होतं. “आणि तुम्ही खोटं बोलत असाल तर? हे तुम्ही करू शकता म्हणून तेही असंच करतात कशावरून?”

मार्तंडला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. त्यानं दुसरा पत्रा तिच्या तोंडासमोर धरला. “यावर ‘हा’ कर. मग गुरुवारी त्यांच्या पत्र्यावर कर. काही दिसलं नाही, तर मी त्यांचे पाय धरीन.”

गुरुवारी कौल भाऊंचा होता. घरामागची वाडी, आंब्याफणसाची, त्यांच्या वडिलांनी लावलेली, तिचं पुढं काय करावं हे त्यांना विचारायचं होतं. महाराजांनी पत्रा दाखवला. “बघा, कोरा आहे ना? माई, तुम्ही अनुभव घेतलेला आहे. तुम्हीच सांगा सर्वांना.”

त्यांनी स्वतःच पत्रा सुहासिनीच्या हाती दिला. मार्तंड मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. शेजारी उत्तराबाई होत्या.

सुहासिनीनं पत्रा कपाळाला लावला, मग ओठांजवळ नेला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. लोकांना वाटलं, देवाचं नाव घेतेय. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला. तिनं पुन्हा एकदा वाफ सोडली, जणू पहिल्यांदा चुकलं असावं अशी तिला आशा होती.

“काय गो सुहास?” भाऊंनी विचारलं. “काय झाला?”

“भाऊ,” ती म्हणाली, “देवानं अजून लिहायचंय ना? मग मी वाचू कशी शकते?”

“काय वाचतस?”

“‘वाडी मठास दे.’”

शिष्य पत्रा घ्यायला पुढे सरकला, पण महाराजांनी त्याला हातानं थांबवलं. बोलण्यात माणूस पक्का होता. “पाहिलंत?” ते गरजले. “माईंच्या श्वासात चैतन्य उतरलं! तीर्थाचीही गरज उरली नाही! धन्य, माई, धन्य!”

काही हात आपोआप जोडले गेले. मार्तंडच्या तोंडाशी शब्द आले होते. त्यानं ते गिळले.

“माझ्या श्वासात?” सुहासिनी म्हणाली. “भाऊ, तुम्ही फुंका बघू. फुंकर नाही, चष्मा पुसताना करता तसं.”

भाऊंनी केलं. अक्षरं दिसली. शेजारच्या गृहस्थांनी केलं. खिडकीतून एका बाईनं हात आत घातला आणि पत्रा बाहेर गेला, बाहेरून आवाज आला, “दिसतंय की! वाडी! स्पष्ट दिसतंय!” पत्रा परत आला तेव्हा सुहासिनीनं केसांतला आकडा काढला आणि अक्षरावरून ओरखडा ओढला. पारदर्शक पापुद्रा आकड्याच्या टोकावर निघाला.

“ही लाख आहे. कपाटाला लावतात ती. हिच्याखालचं तांबं तेवढं वाचतं. बाकीचं हे पाणी खातं.”

“पाणी नव्हे, तीर्थ!” शिष्य ओरडला.

“तीर्थ?” सुहासिनीनं देवाजवळची पळी उचलली, भांड्यातून भरली आणि महाराजांसमोर धरली. “मग आपण घ्या. इतके दिवस कोणालाच दिलं नाहीत. पहिलं आपण घ्या.”

महाराजांनी पळीकडे बघितलं. त्यांची अख्खी वाणी एवढ्याशा पळीत बुडाली. ते मागे सरकले, आणि ते सरकणं सगळ्यांनी बघितलं.

“नाही घेणार ते,” उत्तराबाई मागून म्हणाल्या. “आणि मीही घेऊ देणार नाही. घसा भाजेल.”

भाऊ उठले. ते फार हळू बोलले. “महाराज, वाडीत माझ्या बापाशीनं लावलेली कलमा आसत. तुमका ती देवाच्या नावान व्हयी होती?” मग दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “टांगा बोलवूचो काय, काय चलत जातास?”

ते चालत गेले. मागं कोणी दगड मारला नाही की शिव्या दिल्या नाहीत. लोक चपला शोधत होते आणि एकमेकांच्या नजरा टाळत होते.

नंदूला दुसऱ्याच सकाळी इंजेक्शन मिळालं. तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि सुहासिनीनं त्याचा हात धरून ठेवला. उत्तराबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. वाया गेलेले दिवस शरीर वसूल करतंच, म्हणाल्या. तो उन्हाळा त्याला फार जड गेला. दिवाळीत मात्र तो कोणाचाही आधार न घेता जिना उतरून खाली आला.

गल्लीत सगळे सुहासिनीचं कौतुक करत होते. काय धीट बाई! मार्तंडला, काय सांगावं, पुन्हा थोडा हेवा वाटला.

एकदा ओसरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला टोमणा मारलाच. “केळुसकर, तुम्ही हे सत्यासाठी केलंत होय? जळत होतात तुम्ही.”

“जळत होतो,” मार्तंड म्हणाला. “भक्तीनं केलं असतं तरी त्या पाण्यानं तांबं तेवढंच खाल्लं असतं. माझं मन चांगलं नव्हतं, महाराजांची वाणी गोड होती. तुम्ही मन आणि वाणी बघत बसलात, आणि इकडे आमचा पोरगा मरायला टेकला होता.”

मला वाटतं, त्याहून वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सांगणारा साधू आहे की मत्सरी, याची चौकशी नंतर करता येते. आधी वस्तू हातात मागा. उजेडात फिरवून बघा. दुसऱ्याला द्या, तिसऱ्याला द्या, सगळ्यांना तेच दिसतं का विचारा. आणि जो कोणी ती हातात देत नाही, प्रश्न विचारला की तुमच्या मनाचा दोष काढतो, त्याच्या सांगण्यावरून आजारी माणसाचं औषध कधीही बंद करू नका.